चौदाचे अठरा

५ ऑगस्ट, रविवार

लेकीने फोनवरून फर्मान काढलं, "आई, वही ठेव. धावणारी सगळी माणसं ठेवतात. किती अंतर, किती वेळ, कुठे काय दुखलं." म्हटलं, कुठे काय दुखलं ते लिहायला बसले तर वही महिनाभरात संपेल. तरी आणली. निळ्या पुठ्ठ्याची, आमच्या एक्स-रे विभागातल्या रजिस्टरची धाकटी बहीण शोभेल अशी.

तर पहिली नोंद. १८ नोव्हेंबर, हाफ मॅरेथॉन, परगावी. एकवीस किलोमीटर आणि वर शंभर मीटर. तीन तासांत संपवायची, नाहीतर मागून येणारी बस उचलून नेते. धावणार आहेत हे. मी त्यांची मार्गदर्शक, म्हणजे दोरीचं दुसरं टोक.

दोरी म्हणजे दोरी नाहीच. यांच्या जुन्या कापडी टेपचा हातभर तुकडा आहे, दोन्ही टोकांना शिवून बोटं जातील एवढे वळसे केलेत. एक यांच्या उजव्या हातात, एक माझ्या डाव्या. अठ्ठावीस वर्षं या माणसाने मोजणी खात्यात काढली. साखळी हाताशी नसली तर पावलांनी जमीन मोजायचे, आणि मागाहून साखळी लावली तर वीतभर फरक निघायचा. लग्नानंतर भाड्याच्या खोलीत पहिल्यांदा शिरलो तेव्हा नव्या बायकोकडे बघायचं सोडून खोली मोजत होते. पुढे नजर जायला लागली. सात वर्षं थोडी थोडी जात राहिली आणि तीन वर्षांपूर्वी संपली. त्यानंतर दोन वर्षं हे खिडकीजवळच्या खुर्चीतून उठले नाहीत. रेडिओसुद्धा मी लावला तर लागायचा. एके दिवशी मीच हाताला धरून कालव्यावर नेलं आणि म्हटलं, चला, पळू या. म्हणाले, लोक हसतील. म्हटलं, हसू देत, तुम्हाला कुठे दिसणार आहेत. त्यावर स्वतःच इतके हसले की त्या दिवशी पळणं राहून गेलं.

आज कालव्याच्या रस्त्याने पाच किलोमीटर. परत आल्यावर यांनी विचारलं, "किती झाले?" घड्याळ बघून सांगितलं, "पाच, आणि वर थोडे."

"बरोबर," म्हणाले.

१२ ऑगस्ट, रविवार

आज आठ. कालव्यावर रविवारी पळणाऱ्यांचा एक गट जमतो, त्यांच्याबरोबर. रस्ता नाकासमोर सरळ. मी म्हणेन तिथे वळायचं आणि आलो तसं परत यायचं.

पळताना लांबलचक बोलायला दम नसतो, म्हणून आमची घरगुती भाषा आहे. पायरी चढायची असली की मी ओरडते "उंबरा". उतरायची असली की "मोरी". फांदी आडवी आली की "माळा", म्हणजे वाका. गटातल्या लोकांना वाटतं आम्ही घर विकायला काढलंय.

गटात एक पोस्टमन आहे. खराखुरा, पत्रं वाटणारा. पस्तिशीचा असेल, पण पाय असे की त्याला सायकल दिली ती खात्याने उगाचच. मी वहीत त्याला टपाल म्हणणार. यांना 'साहेब' म्हणतो, मला 'वहिनी'. आज म्हणाला, "वहिनी, कधी दमलात तर दोरी माझ्याकडे द्या. सवय असलेली बरी." म्हटलं, "दमले की सांगेन हो." सांगेन कशाला. वर्षभर मी या माणसाला खुर्चीतून उठवण्यासाठी जीव काढलाय.

घड्याळ छान आहे. लेकीने पाठवलेलं, दर किलोमीटरला त्यातली बाई मोठ्याने अंतर सांगते.

२ सप्टेंबर, रविवार

आज दहा ठरले होते. तीन किलोमीटरनंतर डाव्या गुडघ्यात कुणीतरी सुई घातल्यासारखं झालं. महिनाभर कुरकुरत होताच, पण आज ओरडला. चार झाले तेव्हा मला कळलं की आणखी एक पुढे गेले तर परतीचे पाच चालत करावे लागतील, आणि चालले की हे विचारतील.

घड्याळातल्या बाईने "चार किलोमीटर" म्हटलं. मी घड्याळाचा आवाज बंद केला. "बॅटरीचं काहीतरी झालं वाटतं," म्हटलं. थोडं रेंगाळत, पाणी पाजत, पाठ चोळत वेळ काढला. मग वळलो. घराशी आल्यावर यांनी नेहमीसारखं विचारलं, "किती झाले?"

"दहा," मी म्हटलं.

"तू म्हणतेस तर तेवढे," म्हणाले आणि बुटाच्या नाड्या सोडायला बसले.

खरं म्हणजे लाज वाटायला हवी होती. वाटलं ते सुटल्यासारखं. दोनच किलोमीटरचा तर प्रश्न आहे, पुढच्या रविवारी भरून काढू.

१० सप्टेंबर, सोमवार

भरून काढले नाहीत. काल आठचेच अकरा सांगितले. घड्याळ "दुरुस्तीला द्यायचंय" म्हणून सांगितलंय; पळताना मुकं करून माझ्या मनगटावर, एरवी माझ्या खणात.

१३ सप्टेंबर, गुरुवार

हे आजपासून दर गुरुवारी बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात जाणार आहेत. कानाला लावून पुस्तकं ऐकायची. टपालाची ड्यूटी संध्याकाळी सुटते आणि ग्रंथालय त्याच्या वाटेवरच आहे, तो गाडीवरून नेईल, आणेल. मला बरं वाटलं. गुरुवारची संध्याकाळ गुडघ्याला बर्फ लावून बसता येईल, कुणी विचारायला नाही.

संध्याकाळी हे आले ते घामाघूम. ग्रंथालयात पंखा नाही म्हणे.

२३ सप्टेंबर, रविवार

बाराचे पंधरा.

हे हल्ली पळताना बोलत नाहीत. पूर्वी गप्पा मारायचे, आता नुसते ओठ हलतात. देवाचं नाव घेत असतील म्हणावं तर देवाशी यांचं कधी फारसं जमलं नाही. विचारलं तर म्हणाले, "दम राखतो." शहाणपणाचंच आहे.

"किती झाले?"

"पंधरा."

"तू म्हणतेस तर तेवढे."

खरं लिहायचं म्हणून वही आहे, तर लिहिते. गुडघा दुखतो म्हटलं की हे म्हणतील, तू थांब. मी थांबले की दोरी टपालाकडे जाईल. टपाल माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने धावतो, त्याला पाय दुखणं माहीत नाही, तो यांना अडीच तासांत नेऊन आणेल. आणि मग एका हाताने रस्ता दाखवणारी बाई कुणाला कशाला लागेल? घरात हे आता चहा स्वतः करतात. कपडे स्वतः घड्या करतात, माझ्यापेक्षा नीट. जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानात जातात. उरलं काय तर रविवारची हातभर दोरी. ती मी सोडणार नाही.

२७ सप्टेंबर, गुरुवार

आज जेवणाच्या सुट्टीत सहकारी बाईला म्हटलं, "जरा बटण दाब." स्वतःच टेबलावर चढले, स्वतःचा गुडघा प्लेटवर ठेवला. बावीस वर्षं मी लोकांना सांगतेय, श्वास घ्या, धरा, हलू नका, आता सोडा. तिने तेच सगळं सांगितलं, मला हसू यायला लागलं आणि पहिली फिल्म हलली. दुसरी नीट आली.

फिल्मवर नाव न घालता हाडांच्या डॉक्टरांसमोर धरली. ते चहा पीत होते. म्हणाले, "आतल्या बाजूची फट राहिलीच नाही की, हाडाला हाड लागलंय. वय काय बाईंचं?"

"चोपन्न."

"करतात काय?"

"पळतात," म्हटलं.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "कशाच्या मागे? त्यांना सांगा, आता जिनेसुद्धा जपून. पळणं कायमचं बंद."

"सांगते," म्हटलं आणि फिल्म बॅगेत घातली. फिल्म खोटं बोलत नाही, हे मी शिकाऊ मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते.

११ ऑक्टोबर, गुरुवार

यांच्या बुटांच्या तळाला लाल माती होती. कालव्याचा रस्ता सिमेंटचा, आमच्या गल्लीत डांबर. ग्रंथालयाच्या आवारात काहीतरी काम काढलं असेल. ओला बनियनही पिशवीत कोंबलेला सापडला. धुऊन टाकला. हे माझ्या पावलांच्या आवाजावरूनच "कोण, तू?" म्हणाले आणि मग जेवताना भाजी छान झाल्याचं दोनदा सांगितलं. मीही दोनदा "आणखी वाढू?" विचारलं. दोघं एकमेकांशी इतकं सांभाळून वागतोय की घरात पाहुणे आल्यासारखं वाटतं.

२१ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस मोठा. शर्यतीआधीची सगळ्यात लांब धाव, अठरा ठरलेली. मी दोन गोळ्या घेऊन गेले होते. सातव्याला पायाने साथ सोडली. मी म्हटलं, "नऊ झाले, वळू या." हे वळले.

परतताना शेवटचे दोन किलोमीटर मी दात आवळून काढले. दोरीत ताण आला की यांना कळतं म्हणून हात सैल ठेवायचा आणि पाय मात्र ओढायचा. त्यात "उंबरा" सांगायला विसरले आणि हे फुटपाथाला ठेचकाळले. अंगठ्याचं नख काळं पडलं. मी माफी मागत राहिले. "अगं, एवढं काय, नख परत येतं," म्हणाले.

"किती झाले?"

मी घड्याळ बघितलं. चौदा. तोंडातून आलं, "अठरा."

या वेळी "तू म्हणतेस तर" सुद्धा म्हणाले नाहीत. माझ्या दंडाला हात लावला आणि चाचपत खांद्यापर्यंत नेला, तिथे थोडा वेळ ठेवला. मग आत गेले.

मी संडासात जाऊन नळ सोडून रडले. चौदाचे अठरा केले मी. हा माणूस अठरा धावलोय असं समजून एकवीसला उभा राहणार. सोळाव्याला कोसळला तर? हृदयाचं काही झालं तर? आणि हे कुणाला सांगू? लेकीला सांगितलं तर ती पहिल्यांदा बापाला सांगेल. टपालाला तर मुळीच नाही. आठवड्याला आठवडा खोटं रचत गेले आणि आता ते माझ्याच्याने खाली उतरत नाही.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सांगायचंच असं ठरवून कामावरून लवकर आले. बॅगा भरताना सुरुवात केली, "अहो, ऐका ना." हे टेपच्या तुकड्याला नवीन वळसे शिवत बसले होते. न बघता सुईत दोरा ओवतात, मला चष्मा लावूनही जमत नाही. म्हणाले, "बोल की." म्हटलं, "मोजे दोन जोड घेऊ की तीन?"

"तीन," म्हणाले. बराच वेळ वाट बघितली त्यांनी. मी तीन जोड घातले.

१७ नोव्हेंबर, शनिवार

पाच तासांचा रेल्वेप्रवास. खिडकीतून काय दिसतं ते मी सांगत होते आणि हे ऐकत होते, की ऐकल्यासारखं करत होते, कळलं नाही. दोन डबे सोडून टपाल दिसला. तोही याच शर्यतीला. "अरे, तूसुद्धा?" म्हटलं तर मान खाली घालून म्हणाला, "हो वहिनी, म्हटलं एकदा बघू." इतक्या शर्यती असतात वर्षाला आणि याला हीच बघायची होती.

हॉटेलची खोली तिसऱ्या मजल्यावर. पडदे तपकिरी, नळ गळका. यांनी बॅग ठेवली आणि भिंतीला हात लावून खोली पावलांनी मोजली. "साडेचार बाय सव्वातीन, बाथरूमपर्यंत सहा पावलं," म्हणाले. मग हॉटेलच्या दारापासून शर्यतीच्या कमानीपर्यंत चालत गेलो, तेही मोजलं. "सहाशे दहा मीटर." कमानीजवळच्या स्वयंसेवकाला विचारलं तर तो म्हणाला, सहाशेच्या आसपास. डोळे गेले तरी जुनी खोड जात नाही. मी कौतुकाने हसले.

नंबर घ्यायला एका मोठ्या हॉलमध्ये गेलो. टेबलावरच्या बाईने यांचा नंबर दिला आणि माझी छातीवर लावायची पट्टी दिली, 'मार्गदर्शक' छापलेली. मग कागद बघत म्हणाली, "दुसरे मार्गदर्शक सकाळीच घेऊन गेले बरं का." मी यांच्याकडे बघितलं. हे खोकले. म्हणाले, "लेकीने फॉर्म भरताना काहीतरी घोटाळा केला असेल." असेल. मी फार खोलात गेले नाही. पट्टी हातात घेतली तेव्हा लहान मुलीसारखा आनंद झाला, आणि त्या आनंदाची मला भीतीच वाटली.

आता लिहितेय, हे आडवे झालेत. अजूनही सांगता येईल. उद्या सकाळी सहाची सुरुवात आहे. एकवीस उणे चौदा, सात. सात किलोमीटर हे कशाच्या जोरावर धावणार आहेत?

१८ नोव्हेंबर, रविवार

लिहिते. जसं झालं तसं.

सहाला सुटलो. तीन गोळ्या घेतल्या होत्या. पहिले पाच किलोमीटर सुखाचे गेले. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना लोक टाळ्या वाजवत होते. दर किलोमीटरला फलक आणि तिथे एक स्वयंसेवक आकडा ओरडणारा. अडीच महिन्यांत पहिल्यांदाच यांना अंतर माझ्याशिवाय कळत होतं. "सात!" कुणीतरी ओरडलं. हे हलकंच म्हणाले, "बरोबर." ते "बरोबर" मला खटकलं. पण का ते धावताना उमगलं नाही.

दहा झाले. अकरा. बाराव्यानंतर लांब चढ लागला. मी "चढ" एवढंच म्हणत होते, उंबरा, मोरी काहीच सुचत नव्हतं. तेराव्याचा फलक मागे पडला आणि चढ संपतो तिथे गुडघा गेला. दुखला नाही, गेलाच. पाय माझा राहिला नाही. मी रस्त्यावर बसले, दोरी ताणली गेली आणि हे थांबले.

"काय झालं?"

"काही नाही. उठते."

"उठू नकोस."

"अहो, वेळ जातोय, तीन तासांत..." आणि मग मी बोलून टाकलं. भर रस्त्यात, लोक आम्हाला वळसा घालून पुढे जात असताना. "तुम्ही अठरा धावलाच नाही आहात. चौदाच होते ते. पंधरा म्हटले तेव्हा बारा. पहिल्यापासून खोटं सांगत आले मी. तुमच्याने एकवीस व्हायचे नाहीत, आणि ते माझ्यामुळे."

हे खाली बसले. हात पुढे करत माझं डोकं शोधलं. "पंधरा हजार तीनशे पावलं होती त्या दिवशी," म्हणाले. "चौदाला थोडे कमीच."

"मोजलीत?" मी म्हटलं.

"अगं, मी मोजणीदार आहे," म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू यायची थांबली असतीस." घाम पुसला. "मला तू यायला हवी होतीस. रोज वाटायचं, आज सांगशील. परवा मोजे दोन जोड की तीन विचारलंस तेव्हाही वाटलं."

एवढ्यात मागून आवाज आला, "वहिनी." टपाल. दम लागलेला नाही, घाम नाही. सुरुवातीपासून वीस पावलं मागे होता तो, माझ्या वेगाने धावत. छातीवर माझ्यासारखीच पट्टी होती, 'मार्गदर्शक'.

जे येतं तेच सांगायला लागले. "हे बघ, उंबरा म्हणजे..."

"वर चढायचं," तो हळू म्हणाला. "मोरी म्हणजे उतरायचं, माळा म्हणजे वाकायचं. माहीत आहे, वहिनी."

गुडघ्याचं तेव्हा मला काही वाटलं नाही. टपालाने हात पुढे केला होता. माझी बोटं टेपच्या वळशातून निघत नव्हती. अडकली नव्हती, मी काढत नव्हते. दोघंही थांबले. कुणी ओढलं नाही. दिवसभर मी लोकांना सांगते, हलू नका, आता सोडा, आणि लोक सोडतात. शेवटी हेच म्हणाले, "सोड आता. वेळ होतोय."

सोडली.

दोघं उतारावरून दिसेनासे होईपर्यंत बघत होते. यांचा पाय पहिल्यांदा इतका मोकळा पडताना बघितला. माझ्याबरोबर धावताना हे पावलं आखडून घेत होते, हे मला तेव्हा कळलं.

एक प्रथमोपचारवाली मुलगी आली. फवारा मारला, पट्टी बांधली आणि म्हणाली, "काकू, हलू नका." मग बस आली. मागून झाडून घेत येणारी. आत आठ-दहा जण होते. एक बँकेतले गृहस्थ, दोन्ही पोटऱ्यांत गोळे आलेले, सगळ्यांना हसवत होते, "या गाडीला पदक मिळतं का हो?" मी हसले. फोन जमा केलेल्या बॅगेत. हे कुठे आहेत, उभे आहेत की पडले आहेत, विचारायला कुणी नाही. ड्रायव्हरला म्हटलं, जरा लवकर घ्या. तो म्हणाला, "बाई, शेवटचा धावणारा पुढे आहे, त्याच्या मागेच राहायचं, नियम आहे." शेवटचा धावणारा म्हणजे एक आजोबा होते, चालत होते, मजेत, आणि बसमध्ये यायला काही तयार नव्हते. त्यांच्यामागे आम्ही तासभर सरकत होतो.

तेव्हा लाल माती आठवली. मैदानाची. दर गुरुवारी. मी खाल्लेले किलोमीटर हे तिथे जाऊन भरून काढत होते आणि घामाचा बनियन मी धूत होते.

बस पोचली तेव्हा कमान उतरवायला सुरुवात झाली होती. हे पायऱ्यांवर बसले होते, पदक खिशात. टपाल पाणी आणायला गेला होता. मी बसमधून उतरून दहा पावलं चालले असेन, तोच म्हणाले, "डावा टेकत नाहीस." शर्यतीला दोन तास छप्पन्न मिनिटं लागली. चार मिनिटं राखून. रस्त्यावर बसून मी खाल्लेली सहा मिनिटं धरून. मग उठून यांनी कोपर पुढे केलं, मी रोज यांच्यासाठी करते तसं. मी धरलं, कारण दुसरा उपाय नव्हता. मला राग आला होता. कुणाचा ते अजून ठरत नाही.

हॉटेलपर्यंत सहाशे दहा मीटर यांनी मला आणलं. टपाल पुढे चालत होता आणि मधूनमधून म्हणत होता, "उंबरा." माझ्यासाठी म्हणत होता.

१९ नोव्हेंबर, सोमवार

परतीचा प्रवास. खिडकीतून काय दिसतं ते सांगितलं नाही. यांनीही विचारलं नाही. मधेच बॅगेतून फिल्म काढून यांच्या हातात दिली. "हा काय कागद?" म्हणाले. सांगितलं. बोटांनी फिल्मच्या कडा चाचपल्या, मोजल्यासारख्या, आणि परत दिली. म्हणाले, "कधीची?" तारीख सांगितली. खरी.

६ डिसेंबर, गुरुवार

हाडांच्या डॉक्टरांना कळलं ती बाई कोण. रागावले, मग काठी लिहून दिली. काठी घेऊन मी कामावर जाते तर रुग्ण आधी मला बसायला जागा देतात.

आज हे म्हणाले, "मैदानावर येतेस? बाक आहे तिथे." जायचं नव्हतं. गेले. लाल मातीचा धावमार्ग, चारशे मीटरची फेरी. सकाळी घड्याळ खणातून काढून त्याचा आवाज चालू केला होता, यांच्या मनगटाला बांधायला गेले तर हात मागे घेतला. "नको. ती बाई मला आवडत नाही. तू सांग."

दोघांनी मैदानाच्या पलीकडच्या बाजूने धावायला सुरुवात केली, मी बाकावर. माझ्यासमोरून जाताना टेपचा तुकडा दिसायचा, त्यावरचे आकडे पुसट झालेत. टपाल काहीतरी बोलायचा आणि हे हसायचे. प्रत्येक फेरीला मी वहीच्या मागच्या पानावर एक रेघ मारत होते. मला दुसरं काही करता येत नव्हतं.

साडेपंधरा फेऱ्यांनंतर माझ्यासमोर थांबले. पाणी प्यायले. तोंड माझ्याकडे वळवून म्हणाले, "किती झाले?"

रेघा दोनदा मोजल्या. "सहा. वर दोनशे मीटर."

"बरोबर," म्हणाले, आणि टपालाबरोबर पुढच्या फेरीला गेले. मी रेघा मारत बसले.